तलावाच्या भिंतीखाली पाणी पाझरून राह्यलं, घाबराव का नाई?

बाभूळबन_यवतमाळ:
राम राम मंडळी. आमच्या गावाच्या वर मातीचा लघु तलाव हाय, पस्तीस-चाळीस वर्षं जुना असंन. यंदा पोळ्याआधीच भरला. परवा बैल धुवायले गेलो तं भिंतीच्या खालच्या अंगाले, पाटाचं पाणी बाहेर पडते तिथून पंधरा-वीस पावलांवर, पाय घोट्यापर्यंत रुतला. फोटो ग्रुपवर टाकला अन् चूक झाली बाप्पा, कोणीतरी "आज रातच्याले फुटते" म्हणून व्हॉइस मेसेज सोडला, म्हाताऱ्या बाया गाठोडे बांधून बसल्या. ऑफिसात फोन केला तं साहेब मीटिंगमध्ये. भिंतीवर बाभळी अन् बेशरम माजली हाय. सांडव्यावर, म्हंजे जास्तीचं पाणी बाहेर जाते त्या वाटेवर, मासे वाहून जाऊ नये म्हणून मासोळी सोसायटीवाल्यानं जाळी लावली, रेतीच्या बोऱ्याबी रचल्या. हातभर पाणी जास्त राहते म्हणून शेतकरी खुश, खोटं कायले सांगू, मीबी त्यातलाच.

रिटायर्ड_शाखा_अभियंता:
भाऊ, आधी गाठोडी सोडायला सांगा. मातीचं धरण झिरपतंच, मधे काळ्या मातीचं हार्टिंग, बाहेरून मुरमाचं केसिंग आणि झिरपलेलं पाणी बाहेर काढायला खाली पायथ्याला दगडांचा रॉक टो अन् टो ड्रेन म्हणजे पाण्याची चारी, हे सगळं त्यासाठीच असतं. पाणी येतं का हा प्रश्नच नाही, पाण्याबरोबर माती येते का ते बघा. काचेची बाटली भरा, तासभर हलवू नका, तळाशी गाळ बसला किंवा पाणी गढूळ असलं तर आतून माती वाहतेय. रोज सकाळी एकाच जागी भरा, तारीख आणि तलावाची पातळी लिहून ठेवा. पातळी तेवढीच आणि झिरपा वाढतोय, हे वाईट लक्षण. तुमची जागा पाटाच्या नळाजवळ आहे म्हणून जास्त लक्ष द्या, नळाच्या कडेची माती नीट दाबली गेलेली नसते आणि पाणी तीच वाट धरतं. गढूळ दिसलं तर मात्र मीटिंग संपायची वाट पाहू नका. अमेरिकेतलं टेटन धरण, ५ जून १९७६, सकाळी गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत धरण गेलं. आणि बाभळी आत्ता उपटू नका हो, भरल्या तलावात मुळं ओढली तर भोकं तुम्हीच पाडाल.

धानपट्टा_भंडारा:
झिरप्याचं सरांनी सांगितलंच, मले तं त्या बोऱ्याची भीती वाटते. आमच्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावावर हाच खेळ चालते. मातीची भिंत सगळं सहन करते पण वरून पाणी गेलेलं सहन करत नाही, काही तासात कापून काढते. सांडव्याची उंची अन् भिंतीचा माथा यात जी मोकळी जागा ठेवली असते ना ती पुरासाठी असते, मासोळीसाठी नाही. तुम्ही हातभर बोऱ्या रचल्या म्हणजे तेवढी जागा खाल्ली, वर जाळीत पऱ्हाटी-कचरा अडकला की सांडवा निम्मा बंद. पानशेतले १९६१ मधे जवानांनी रातभर बोऱ्या रचल्या, पण त्या भिंतीवर, खचलेला माथा उंच करायले. धरण १२ जुलैले फुटलंच, पण दिवसा फुटलं. तुमच्या बोऱ्या उलट्या जागी हायेत.

नाल्याकाठचा:
धोका म्हणजे फक्त फुटायची शक्यता नाही, फुटल्यावर खाली कोण आहे तेही. चाळीस वर्षांआधी नाल्यात कोणाचं घर नसेल, आता आहे का? असेल तर भिंत तीच, धोका वाढला. कोकणातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला रात्री फुटलं, गळतीची तक्रार लोकांनी आधी केली होती. उलट मध्यप्रदेशात धार जिल्ह्यातलं कारम, ऑगस्ट २०२२, गळती लागल्यावर गावं रिकामी केली, बाजूनं चर खोदून पाणी काढलं, जीव वाचले. म्हणून कोणत्या घरानं कोणत्या टेकाडावर जायचं, म्हाताऱ्यांना कोण नेणार, हे आत्ताच ठरवा. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची, पण तो १५ मीटरपेक्षा जास्त उंचीला. १० ते १५ मधलं असेल तर भिंत ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर असे निकष. त्यात बसत नसलं तरी तहसीलदाराला लेखी द्या, पोच घ्या. फोनची पोच नसते.

बाभूळबन_यवतमाळ:
तीन दिवस बाटली भरली, पाणी नितळ, तळाले काहीच नाई. पण चालता चालता भिंतीत घुशीचं बीळ सापडलं, हात कोपरापर्यंत गेला, त्याचा फोटो जोडून तहसीलले अर्ज देला, पोच खिशात हाय. सांडव्यावर चांगलं भांडण झालं. सोसायटीचा म्हणे नुकसान कोण भरंन, शेवटी जाळी अर्धी काढली अन् बोऱ्या आम्ही पाच-सहा जणांनी उचलल्या. सांडवा अर्धा पाऊण तास धो धो वाह्यला. खाली नाल्यात सहा घरं मोजली, त्यातलं एक माह्या साडभावाचं हाय. त्याच्याकडे आज रातच्याले जातो.