मदत हवी आहे: अडॅप्टर नाटक करतोय की केबल? यूएसबी टेस्टर कुठला घ्यावा

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी, कासारवडवलीला राहतो, घरात आम्ही चौघं आणि टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये अकरा केबल्स (आज मोजल्या), पाच अडॅप्टर. कुठली कशाबरोबर आली ते आता कोणालाच माहीत नाही, दोन तर ठाणे स्टेशनला सॅटिस पुलाखाली घेतलेल्या, दीडशेला दोन.

त्रास असा की आईचा जुना मायक्रो यूएसबीवाला फोन रात्रभर लावला तरी सकाळी ७०च्या पुढे जात नाही, आणि बायकोच्या लॅपटॉपला ६५ वॉटचा अडॅप्टर लावला तर कोपऱ्यात येतं स्लो चार्जर. तोच अडॅप्टर माझ्या फोनला लावला की सुसाट.

मग मी शहाणपणा केला. औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी घेऊन प्रत्येक केबलला नंबर लावला, माझा फोन एकेकीवर अर्धा तास ठेवला आणि किती टक्के वाढले ते वहीत लिहिलं. ४ नंबरने शनिवारी सकाळी ३१ टक्के दिले, रविवारी दुपारी त्याच ४ नंबरने १४. अडॅप्टर तोच, सॉकेट तोच. वही बंद केली आणि टेस्टर शोधायला बसलो, तर तिथेही डोकं फिरलं. केबलच्याच टोकाला वॉट दाखवणारा आकडा असतो ती एक, अंगठ्याएवढा टाइप-सी मीटर एक, फनिर्सीचा एफएनबी ५८ आहे तो जरा महाग, आणि नुसत्या एलईडी लागणारा बोर्ड, ज्यात केबलची दोन्ही टोकं खुपसायची.

बजेट तीन हजारापर्यंत. मला वॉटचा आकडा बघून खूश व्हायचं नाहीये, केबल फेकू का अडॅप्टर एवढं कळलं पाहिजे. सोल्डरिंग वगैरे येत नाही.

महापे_शिफ्ट

आधी एक सांगा, रविवारी फोन किती टक्क्यांवरून सुरू केला होता?

घोडबंदरकर

६५ वरून. आणि हॉटस्पॉट चालू होता, आत्ता आठवलं 🤦

महापे_शिफ्ट

मग बिचाऱ्या ४ नंबरला कशाला फाशी देताय. बॅटरी भरत आली किंवा फोन तापला की फोन स्वतःच करंट कमी ओढतो. म्हणूनच वॉटचा नुसता आकडा म्हणजे फोनची भूक, केबलची तब्येत नाही. टोकाला डिस्प्लेवाली केबल त्यामुळे बाद, ती दुसऱ्या केबलबद्दल काय सांगणार. एलईडी बोर्ड कुठल्या तारा जोडलेल्या आहेत ते दाखवतो, म्हणजे चार्जिंगपुरती केबल आणि डेटावाली केबल वेगळी काढायला झकास, पण आतली तार केसासारखी बारीक असली तरी दिवे तेवढेच लागतात.

केबलची तब्येत बघायची तर व्होल्टेज किती पडतं ते बघा. टेस्टर आधी अडॅप्टरला लावून आकडा घ्या, मग केबलच्या दुसऱ्या टोकाला, करंट दोन्ही वेळा तेवढाच पाहिजे. फरकाला करंटने भागलं की ओहम आले, म्हणजे केबलचा रेझिस्टन्स, जितका कमी तितकी केबल चांगली. टाइप-सीच्या नियमात ३ अँपिअरला जाऊन-येऊन पाऊण व्होल्टपर्यंत पडलेलं चालतं, म्हणजे ०.२५ ओहम. आता गंमत बघा, २० व्होल्टवर चालणाऱ्या लॅपटॉपला पाऊण व्होल्ट गेल्याचं सुखदुःख नाही, पण आईंचा फोन ५ व्होल्टवाला, त्याला सव्वाचार मिळाले की तो घाबरून करंट कमी करतो. त्यामुळे लॅपटॉपला चालते म्हणजे केबल चांगली हे काही खरं नाही.

लॅमिंग्टन_रोड_वारी

लॅपटॉपचं दुखणं वेगळं वाटतंय. ६५ वॉट म्हणजे २० व्होल्ट सव्वातीन अँपिअर. ३ च्या वर द्यायचं असेल तर केबलमध्ये ई-मार्कर चिप लागते (केबल किती अँपिअर पेलते ते अडॅप्टरला सांगणारी), ती नसेल तर नियम पाळणारा अडॅप्टर ३ वरच थांबतो, मिळाले ६० वॉट, आणि काही लॅपटॉप तेवढ्यावरही कुरकुरतात.

एफएनबी ५८ घ्या. मायक्रो, टाइप-ए, टाइप-सी सगळी तोंडं आहेत, केबलचा रेझिस्टन्स मोजायची सोय आहे, ई-मार्करही वाचतो. अर्थात ई-मार्कर म्हणजे केबलने स्वतःच स्वतःला दिलेलं सर्टिफिकेट, त्यामुळे व्होल्टेज बघायचंच. २८ व्होल्टपर्यंतच आहे तो, २४० वॉटवाले अडॅप्टर ४८ पर्यंत जातात, पण तुम्हाला ते कशाला हवंय. सुपरवूकसारखं कंपनीचं खास चार्जिंग मध्ये टेस्टर आला की कधीकधी साधं होतं, तेव्हा फोन बिघडला म्हणून घाबरू नका. आणि त्यात ट्रिगर नावाचा मेनू आहे, तिथून अडॅप्टरकडे ९, २० व्होल्ट मागता येतात. पुढे फोन लावलेला असताना त्या मेनूला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

महापे_शिफ्ट

घेण्याआधी बघायचा असेल तर माझ्याकडे आहे. शनिवारी ठाण्याला येतोय, तलावपाळीला भेटा, पिशवीभर केबल्स आणा. पॉवर बँक आहे माझी, तिच्यावरच मोजू.

घोडबंदरकर

अपडेट. तलावपाळीच्या कट्ट्यावर तासभर बसलो, चणेवाला दोनदा विचारून गेला मोबाईल रिपेअर करता का. ७ नंबर, म्हणजे आईच्या फोनचीच, दीड अँपिअरला ०.९ व्होल्ट खात होती. ०.६ ओहम! ती पुलाखालचीच निघाली. पण तिची जोडीदारीण ९ नंबर बरी आहे, ०.२, एकाच पाकिटातल्या दोघी.

घरी येऊन टेस्टर मागवला, काल आला. ६५ वॉटच्या अडॅप्टरला बायकोची केबल लावली तर अडॅप्टर काय काय देतो त्याची टेस्टरवर यादी येते, त्यात २० व्होल्टसमोर ३.०० अँपिअर, जुन्या मॉनिटरबरोबर आलेली जाडी केबल लावली तर ३.२५, आणि लॅपटॉपवरचा तो मेसेज गेला. ४ नंबर निर्दोष सुटली. ७ नंबर कात्रीने मधोमध कापून टाकली, नाहीतर चार दिवसांनी परत ड्रॉवरमध्ये सापडली असती.