‘स्कॅन टू कॉम्प्युटर’ला काय म्हणायचं?

टाचणी:
ऑफिसात नवं थ्री-इन-वन मशीन आलंय आणि त्यावर चिकटवायच्या मराठी सूचना माझ्या गळ्यात पडल्यात. ‘स्कॅन टू कॉम्प्युटर’साठी मी लिहिलं, ‘संगणकावर स्कॅन करा’. दुसऱ्याच दिवशी शिपाईमामा कागद काचेवर उपडा ठेवून माझ्या टेबलाशी हजर. “मॅडम, यात स्कॅनचं बटण कुठंय?” त्यांचं काय चुकलं? संगणकावर टाइप कर म्हणजे तिथेच बसून करायचं ना? मग ‘संगणकात’ लिहू की ‘संगणकाकडे’?

सरळसोट:
‘स्कॅन करून संगणकावर पाठवा’. संपलं.

टाचणी:
मशीनपाशी उभ्या माणसाला ते ठीक. पण स्कॅन संगणकापुढे बसूनही सुरू करता येतो. तो माणूस ‘पाठवा’ कसं म्हणेल? त्याला ‘घ्या’ हवं.

स्वभाषा:
मुळात स्कॅन कशाला? ‘क्रमवीक्षण’ आहे की. काचेखालचा दिवा या टोकाकडून त्या टोकाला सरकत पट्टी-पट्टीने कागद बघतो. क्रमाने बघणं, अर्थ शब्दातच आहे. सावरकरांच्या ‘दिनांक’, ‘महापौर’लाही लोक नाकं मुरडायचे.

एक_कारकून:
आणि सरकारी ‘पदनाम कोशा’ला ‘बदनाम कोश’ म्हणायचे, तेही सांगा. मामांना ‘क्रमवीक्षण करून आणा’ म्हटलंत तर मामा रजा टाकतील. शिवाय वरच्या फीडरमधून गठ्ठा सोडला की दिवा जागेवरच राहतो, सरकतो तो कागद.

स्वभाषा:
कागद सरकला तरी क्रम आहेच!

मात्रा_चौदा:
क्रम ‘स्कॅन’मध्येही आहे. लॅटिन ‘स्कान्देरे’ म्हणजे चढणे. त्यावरून इंग्रजीत आधी आलं ते कवितेची ओळ पायरी-पायरीने मोजणं. आपण ‘यमाताराजभानसलगं’ म्हणत गण पाडायचो, अगदी तेच. तेव्हा ‘कागदाचे गण पाडा’ असं लिहा. :)

रामराम_पाव्हणं:
‘छाननी’ का नको? छानणे म्हणजे चाळून घेणे. आमचे आजोबा तर सांगायचे, छानून उरतं ते ‘छान’.

एक_कारकून:
आजोबांना नमस्कार, पण ही व्युत्पत्ती मला हवेतली वाटते. आणि छाननीत अर्ज बाद होतात हो! ‘तुमचा अर्ज छाननीला गेलाय’ म्हटलं की उमेदवाराला घाम फुटतो.

सातबारा:
तलाठ्याकडे आपण काय मागतो? उतारा. दप्तरातून उतरवून घेतलेला तो उतारा. मग ‘कागद संगणकात उतरवा’ म्हणा. कोश उघडायला नको.

मात्रा_चौदा:
वा! लॅटिनात चढायचं, मराठीत उतरायचं.

टाचणी:
आवडलं होतं, पण डाउनलोडला लोक ‘उतरवणे’ म्हणायला लागलेत. मामा आता इंटरनेटवर कागद शोधतील.

स्वभाषा:
परक्या शब्दाला दार उघडलं की असंच होतं. ‘छायाप्रत’ अर्जाच्या तळाशी उरली आणि दुकानावर पाटी झेरॉक्सची.

एक_कारकून:
दुकानदार धंदा करतो, त्याला गिऱ्हाईक काय म्हणतं ते कळतं. आणि झेरॉक्स पुरती मराठी झालीय. लिंगसुद्धा घेतलंय तिने. ‘ती झेरॉक्स’, बहुधा ‘प्रत’मुळे. स्कॅनचं अजून ठरायचंय. दवाखान्यात ‘सीटी स्कॅन काढला’, आमच्या ऑफिसात मात्र ‘स्कॅन काढली का?’

सरळसोट:
बटणाशेजारी बाण काढा. कागदाकडून संगणकाकडे.

रामराम_पाव्हणं:
आमच्या सोलापूरला काढत नाहीत, मारतात. ‘दोन झेरॉक्स मार, एक स्कॅन मार.’ हे ‘मारणे’ शिक्का मारण्यातून आलं असेल का?

सातबारा:
शिक्का म्हणा, ठप्पा म्हणा. पण मग ‘फोन मार’ कुठून आला?