वारली चित्रे ऑनलाइन विकण्यासाठी बचत गटाने काय घ्यावे?

पाड्यावरची : जव्हार तालुक्यातील आमच्या बारा जणींच्या बचत गटाकडे १५ हजार रुपये शिल्लक आहेत. आजवर प्रदर्शनांतच चित्रे विकली, आता ऑनलाइन विकायची आहेत. चांगला फोन दोघींकडेच आहे आणि रेंज देवळामागच्या टेकाडावर मिळते. काय घ्यावे?

कॅमेरेवाला : फोनमध्ये गेरूचा रंग विटकरी दिसतो. मी ५५ हजारांचा कॅमेरा घेतला, तेव्हापासून ही तक्रार उरली नाही. बजेट थोडे वाढवा.

हिशेबनीस : आधी कागदपत्रे करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य असते. हे ठाऊक नसल्याने आमच्या गटाने एका मध्यस्थाला अडीच हजार मोजले. वस्तूंची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्सवरून राज्यातल्या राज्यात विकायला जीएसटी नोंदणी लागत नाही. पॅनवर मिळणारा नावनोंदणी क्रमांक पुरतो.

रानवाटा : आदिवासींच्या वस्तू विकणाऱ्या ट्रायफेड या सरकारी संस्थेच्या ‘ट्राइब्ज इंडिया’ दुकानाचा विचार करावा. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदही करून घ्यावी. मात्र अॅक्रिलिक वापरत असाल, तर त्याला वारली म्हणू नये.

डहाणूकरीण : असे कसे? लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघरातले चौकोनी चित्र, भिंतीवर सुवासिनी लिहीत; सत्तरच्या दशकात हीच कला कागदावर आणणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कला माध्यमाने बाटत नाही. उलट, तांदळाच्या पिठाचा आणि डिंकाचा रंग घडीवर पोपडे धरून सुटतो. माझी चार चित्रे अशीच परत आली, म्हणून चित्र नेहमी पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळूनच पाठवावे.

नवउद्योजक : स्वतःची वेबसाइट हवीच. उद्यम नोंदणीही करून घ्या, ती विनामूल्य असते.

हिशेबनीस : हे मी वर लिहिलेच आहे.

पाड्यावरची : सर्वांचे आभार. वेबसाइट नको आणि ऑनलाइन बाजारपेठेवरचे दुकानही तूर्त नको. प्रदर्शनाच्या वहीत ग्राहकांनी स्वतः लिहून दिलेले शंभरेक नंबर आहेत. त्यांनाच व्हॉट्सॲपवर चित्रे दाखवणार आहोत. साडेआठ हजारांचा फोन घेतला असून तो गटातल्या बारावी झालेल्या मुलीकडे राहील, कारण तिचे घर टेकाडालगत आहे. नळ्या मात्र आणल्या. क्यूआर कोड गटाच्याच बँक खात्याचा काढला आहे, कोणाच्या नवऱ्याच्या खात्याचा नाही.

कॅमेरेवाला : कॅमेऱ्याचा विचार पुन्हा झालाच, तर माझा ३५ हजारांत देईन.