खलाशी आणि मच्छीमारांच्या पर्यावरण प्रशिक्षणात नेमकं काय शिकवायचं?

बंदर_ट्रेनर

दोन दिवसांचा वर्ग घ्यायचा आहे, साधारण वीस जण. निम्मे मालवाहू जहाजांवरचे रेटिंग (अधिकारी नसलेले खलाशी) आणि ज्युनिअर ऑफिसर, निम्मे ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या) व गिलनेट (पाण्यात उभं जाळं लावणाऱ्या) नौकांवरचे तांडेल आणि खलाशी. आधाराला आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) सागरी पर्यावरण जागृतीवरचा मॉडेल कोर्स १.३८ आहे, पण तो जसाच्या तसा घेतला तर मच्छीमार पहिल्या दिवशी दुपारीच उठून जातील. कासवाच्या नाकातली नळी, तेलाने माखलेला पक्षी, हे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. माना डोलावतात आणि डेकवर गेले की पुन्हा तेच.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दोन्ही गट एकत्र बसवावेत का? वर्गात हाताने करून दाखवता येतील असे प्रयोग कोणते? आणि कोणते आकडे तोंडपाठ असायलाच हवेत?

बिल्जमधला_माणूस

इंजिन रूमच्या बाजूचं सांगतो. समुद्रात सोडायच्या पाण्यात तेल १५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १५) जास्त नको, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, त्याचा अर्थ बहुतेकांना माहीत नसतो. १००० लिटर पाण्यात १५ मिलिलिटर तेल, म्हणजे तीन चहाचे चमचे. फळ्यावर एवढंच लिहा आणि विचारा, बिल्जमध्ये (जहाजाच्या तळाशी पाणी साचतं तिथे) सांडलेलं एक लिटर तेल या मर्यादेत आणायला किती पाणी लागेल? उत्तर साधारण ६७ हजार लिटर येतं. पाणी मिसळून सुटका नाही, हे तिथेच कळतं.

प्रयोग असा. झाकणाच्या दोन पारदर्शक बरण्या घ्या. दोन्हींत पाऊण बरणी पाणी आणि दोन चमचे वापरलेलं ल्यूब ऑइल. एकीत थोडा भांड्यांचा साबण टाका. दोन्ही सारख्याच हलवा आणि टेबलावर ठेवून पुढचा विषय सुरू करा. अर्ध्या तासात बिनसाबणाच्या बरणीत तेल वर आलेलं असतं, दुसरी दुधासारखी पांढरट राहते. सेपरेटर, म्हणजे बिल्जच्या पाण्यातून तेल वेगळं करणारं यंत्र, तेलाचे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होण्यावर आणि वर तरंगण्यावर चालतो. साबणाने थेंब इतके बारीक होतात की कोअलेसरही (त्यातला थेंब एकत्र करणारा फिल्टर) त्यांना पकडू शकत नाही, उलट स्वतःच चोंदतो. इंजिन रूम धुताना कोणता क्लीनर वापरायचा याबद्दल जहाजावर इतकी कटकट का असते, ते या बरणीवरून समजतं. बिल्जमध्ये सेंट्रिफ्यूगल पंपाने पाणी ढवळून ते थेट सेपरेटरला दिलं तरी तोच परिणाम होतो. होल्डिंग टँकमध्ये पाणी निवळू द्या, शक्य असेल तर कोमट करा, मग हळू गतीने चालवा.

दुसरा मुद्दा खोट्या अलार्मचा. सेपरेटरमधून निघालेल्या पाण्यातलं तेल मोजून अलार्म देणाऱ्या ऑइल कंटेंट मीटरची काचेची सेल घाण असेल, पाण्यात गंज किंवा हवेचे बुडबुडे असतील, तर पाणी चांगलं असूनही रीडिंग वर जातं. माणूस वैतागतो, आणि मीटरला फसवायला त्याच्या सॅम्पल लाइनमध्ये गोडं पाणी सोडण्याची युक्ती तिथेच सुचते. म्हणून सेल ब्रशने साफ करणं, फ्लश करून शून्य तपासणं आणि अलार्म दिल्यावर थ्री-वे व्हॉल्व्ह खरंच रीसर्क्युलेशनकडे (पाणी समुद्राऐवजी परत टाकीकडे) वळतो का ते बघणं, हे प्रत्येकाच्या हातून करून घ्या. १ जानेवारी २००५ पासून लागू झालेल्या मानकाप्रमाणे बसवलेल्या मीटरमध्ये तारीख, वेळ आणि अलार्मची नोंद किमान १८ महिने राहते. ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये (तेलाच्या कामांच्या नोंदवहीत) लिहिलेली वेळ आणि मीटरची मेमरी जुळली नाही, तर तपासणी करणाऱ्याला पाइप उकलायचीही गरज पडत नाही.

जाळं_आणि_दोर

एकत्र बसवा, निदान पहिला अर्धा दिवस. कारण सोपं आहे. पृष्ठभागाजवळचं जाळं किंवा बोयाचा दोर जहाजाच्या पंख्यात गेला, की मच्छीमाराचं जाळं जातं. तोच दोर किंवा मोनोफिलामेंट (जाळ्याचा एकेरी प्लास्टिक धागा) शाफ्टभोवती गुंडाळून स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट जहाजाबाहेर जातो त्या नळीच्या) सीलमध्ये शिरला, तर जहाजाचं तेल समुद्रात गळायला लागतं. एकाच घटनेतून दोन प्रदूषणं, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने दुसऱ्याला दोष देतात. चार्टवर शिपिंग लेन आणि जाळ्यांची ठिकाणं दोघांना शेजारी बसवून आखायला लावा. त्यानंतरच्या वादात अर्धा अभ्यासक्रम आपोआप येतो.

मच्छीमारांसाठी खरा विषय हरवलेली जाळी. प्रयोगासाठी एक बादली खारं पाणी पुरे. नायलॉन, पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे दोऱ्याचे तुकडे आधी ओले करून, हवा दाबून काढून आत टाका. नायलॉनची घनता साधारण १.१४, समुद्राच्या पाण्याची १.०२५, म्हणून ते बुडतं. बाकी दोन्ही १ च्या खाली, ती तरंगतात. आता नायलॉनच्या गिलनेटला वर फ्लोट आणि खाली शिसं आहे हे आठवून द्या. सुटलेलं जाळंही पाण्यात उभं राहतं आणि मासे धरतच राहतं. मेलेल्या माशांच्या वासाने खेकडे येतात, तेही अडकतात.

जाळं गेलं की करायचं काय, याचा सराव घ्या. सर्वात आधी जीपीएसवर ठिकाण ठोका. बहुतेक सेटवर एमओबीचं (माणूस पाण्यात पडल्यावर ठिकाण नोंदवायचं) बटण सर्वात जलद. मग वेळ, खोली, जाळ्याचा प्रकार, लांबी, प्रवाहाची दिशा लिहा. शोधायचं तर लवकर, कारण दिवस गेले की जाळं गोळा होऊन तळाला बसतं. ग्रॅपनेल (आकड्यांचा छोटा नांगर) जाळ्याच्या रांगेला आडवा ओढायचा, एक-दोन नॉट वेगाने. रांगेच्या दिशेने ओढला तर तो शेजारून निघून जातो. प्रवाळ किंवा खडकाळ तळ असेल तर ओढू नका, ठिकाण कळवा. जाळ्यावर नौकेची खूण असणं हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण खूण नसेल तर सापडलेलं जाळं परत येतच नाही. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) मत्स्यव्यवसाय समितीने २०१८ मध्ये जाळी आणि साधनं खुणावण्याची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यातला नौकेची ओळख आणि टोकांच्या बोयांचा भाग थेट शिकवता येतो.

जाळं विणता-शिवताना पडणारे तुकडे दिसायला क्षुल्लक. शिवणाऱ्याच्या कमरेला पिशवी आणि स्कपरवर (डेकवरचं पाणी बाहेर जायच्या भोकावर) बारीक जाळी, एवढ्याने ते पाण्यात जायचे थांबतात. पिंजरे वापरणाऱ्यांना सुटकेची खिडकी न प्रक्रिया केलेल्या सुती किंवा तागाच्या दोऱ्याने बांधायला शिकवा. नायलॉनने बांधली तर ती कधीच उघडत नाही.

डेकवरून

आकड्यांचं मी घेतो. समुद्रात टाकायला प्लास्टिक कुठेही चालत नाही, सिंथेटिक दोर आणि इन्सिनरेटरची राखही नाही, वापरलेलं खाद्यतेल नाही. अन्नाचा कचरा किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपुढे. १२ मीटर किंवा त्याहून लांब नौकेवर कचऱ्याच्या नियमांचा फलक हवा. गार्बेज मॅनेजमेंट प्लॅन १०० जीटीपासून (जीटी म्हणजे ग्रॉस टनेज, जहाजाच्या एकूण आकारमानाचं माप). गार्बेज रेकॉर्ड बुक आधी ४०० जीटीपासून होतं, १ मे २०२४ पासून १०० जीटीवर आलं. मोठे ट्रॉलर यात येतात आणि त्यांना अजून ते नवं आहे.

शांत_लाट

@डेकवरून, अन्नाच्या कचऱ्याचा नियम अर्धा लिहिलात, आणि हीच चूक वर्गावर्गांतून पसरते. ३ मैलांची सवलत दळलेल्या अन्नालाच, म्हणजे २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल असं. न दळलेलं १२ मैलांपुढे. विशेष क्षेत्रांत (भूमध्य, बाल्टिक, काळा समुद्र, तांबडा समुद्र, आखात क्षेत्र, उत्तर समुद्र, अंटार्क्टिक, विस्तारित कॅरिबियन) दळलेलंही १२ मैलांनंतरच. सगळीकडे जहाज चालतं असावं लागतं, नांगरावर उभं असताना नाही. आणि अन्नात प्लास्टिकचं एक पाकीट मिसळलं की सगळी बादली प्लास्टिकच्या नियमात जाते. म्हणून गॅलीतच (जहाजाच्या स्वयंपाकघरात) वेगळं करायचं. स्टुअर्ड आणि कुकला या वर्गातून वगळतात, खरं तर सर्वात आधी तेच हवेत.

मच्छीमारांसाठी अजून एक बारकावा. मासेमारीत निघणारे ताजे मासे आणि त्यांचे भाग कचऱ्याच्या व्याख्येत येत नाहीत. पण लाँगलाइन (अनेक गळ लावलेली लांब दोरी) टाकताना किंवा ओढताना आतडी फेकली तर समुद्रपक्षी गोळा होतात आणि गळाला लागतात. ती साठवून गळ पाण्यात नसताना टाकायची, गळ रात्री टाकायचे, दोरीला वजन लावायचं. कायद्यात मुभा असली तरी हे शिकवायलाच हवं.

बंदर_ट्रेनर

बरणी आणि बादली दोन्ही घेतो, फलकाच्या मजकुरात दुरुस्ती करतो. एक अडचण उरते. लहान नौकेवाले म्हणतात, आमची ४०० जीटीच्या खालची, आम्हाला सेपरेटर नाही, म्हणून तेलाचा नियम नाही. आणि जुनं तेल ठेवायचं कुठे?

बिल्जमधला_माणूस

नियम आहे. ४०० जीटीखालच्या नौकेनेही तेलकट पाणी एकतर जवळ ठेवून किनाऱ्यावर द्यायचं, नाहीतर मान्यताप्राप्त साधनाने १५ पीपीएमच्या आत आणून चालत्या नौकेतूनच सोडायचं. लहान नौकेवर पहिलाच मार्ग व्यवहार्य.

करायचं असं. इंजिनखाली ट्रे किंवा बांध, म्हणजे तेल मूळ बिल्जच्या पाण्यात मिसळत नाही. त्यात पॉलिप्रॉपिलीनचा शोषक सॉक. तो तेल धरतो, पाणी नाही. भरला की पिळून पुन्हा वापरायचा नाही, तेलकट कचऱ्यात द्यायचा. तेल बदलताना हातपंपाने डिपस्टिकच्या नळीतून ओढून थेट झाकणाच्या कॅनमध्ये. फिल्टरला भोक पाडून रात्रभर, जमल्यास २४ तास निथळू द्या. त्या कॅनमध्ये डिझेल, थिनर, पाणी काही मिसळू नका, नाहीतर पुनर्वापरवाला घेत नाही आणि मग तो कॅन कुठेतरी रिकामा होतो. ऑटोमॅटिक बिल्ज पंप बंद ठेवा असं मात्र कधीही सांगू नका, नौका बुडेल. फ्लोट स्विचला तेल लागणार नाही अशी व्यवस्था करायची. आणि सांडलेल्या तेलावर साबण ओतून तवंग गायब करणं, हे पुन्हा बरणीवर दाखवा. तेल तिथेच असतं, पाण्याच्या आत जातं.

बंदरात घेणारी सोय नसेल किंवा अपुरी असेल, तर तक्रार करायचा ठरलेला मार्ग आहे. जहाजाच्या ध्वज राष्ट्रामार्फत (जिथे जहाजाची नोंदणी आहे त्या देशामार्फत) आयएमओकडे तक्रारीचा फॉर्म जातो. तो भरून घेण्याचा सराव वर्गात घ्या. नाहीतर लोक म्हणतात, सोयच नाही, आणि विषय संपतो.

जाळं_आणि_दोर

वर कासवाचा उल्लेख होता, त्यावरून एक. पाण्यात अडकून बेशुद्ध झालेलं कासव मेलं समजून फेकतात. पाठीवर उलटं ठेवू नका. पोटावर ठेवून मागची बाजू किमान १५ सेंटिमीटर उचला, अंग ओलं आणि सावलीत ठेवा, अधूनमधून डोळ्याजवळ किंवा शेपटीजवळ हलका स्पर्श करून बघा. ४ तास, गरज पडल्यास २४ तासांपर्यंत थांबा. शुद्धीवर आलं की इंजिन न्यूट्रलला घेऊन, जाळी पाण्यात नसताना, नौकेच्या मागच्या बाजूने हळू पाण्यात सोडा. लाँगलाइनवर असेल तर दोर ओढून वर उचलू नका. लांब दांड्याच्या कटरने गळाच्या जितकं जवळ जमेल तितकं दोर कापा. वर्गात पुठ्ठ्याचं कासव चालतं, वजनासाठी आत वाळूची पिशवी घाला.