चिगूर म्हणजे नेमकं काय? चिंचेची पालवी की फुलं?

तळेकाठ

शाळेतल्या मुलांसाठी एक ऋतूंची नोंदवही मराठीत करतेय. मूळ मजकूर इंग्रजी आहे. मुलानं घराजवळचं एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याच्यापाशी जाऊन नीट बघायचं आणि लिहायचं: कोवळी पानं, जून पानं, पिवळी पडलेली पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. सोलापुरात चैत्र-वैशाखात हे इतकं भराभर बदलतं की आठवडासुद्धा जास्त वाटतो. निंबाचंच बघा. पाडव्याला झाड फुलांनी पांढुरकं, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत खाली वाळल्या फुलांचा कचरा आणि डहाळीला बारक्या हिरव्या निंबोळ्या.

निंबाचं ठीक आहे, मी अडलेय चिंचेपाशी. कोवळ्या पानांच्या रकान्यात मी 'चिगूर' लिहिलं. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, तिथं चिगूर म्हणजे चिंचेची नवी पोपटी-तांबूस पानं. मसुदा वाचणाऱ्या सहकारी बार्शीकडच्या. त्यांनी ते खोडून समासात लिहिलं, 'चिगूर म्हणजे चिंचेचं फूल. पानाला पालवी म्हणा.' त्यांच्याही घरात हा शब्द रोजचाच आहे, कुठून ऐकीव उचललेला नाही. तुमच्याकडं काय म्हणतात? वही पुढच्या आठवड्यात छापायला द्यायची आहे.

मालदांडी

आमच्याकडं दोन्ही. फांदी खाली ओढून ओरबाडली की मुठीत पान, कळी, फूल सगळं एकदम येतं. त्या मुठीतल्या ऐवजाला चिगूर म्हणतात. पोरं उभ्या उभ्या खातात, बायका ओट्यात भरून नेतात. पान वेगळं, फूल वेगळं असं निवडत कोण बसतंय?

पण ताई, 'पालवी'ला तुमचा विरोध असेल तर मी तुमच्या बाजूचा. शेतात प्रत्येकाचं वेगळं असतं. ज्वारी निसवते. भुईमुगाला आऱ्या सुटतात. कापसाला पाती लागतात. हरभऱ्याला घाटे धरतात. उसाला तुरा येतो. सगळ्याला 'फुलं आली, फळं आली' म्हणायला लागलं तर शेतकऱ्यानं बोलायचं काय?

पूर्वभाग

आमचं घर तेलुगू, राहणार सोलापूरच्या पूर्व भागात, चार पिढ्या हातमाग आणि यंत्रमागावर गेल्या. आमच्यात हा वादच नाही. चिगुरु म्हणजे कोवळं पान, कोवळा शेंडा. कुठल्याही झाडाचा. फुलाला पुव्वु. चिंतचिगुरु म्हणजे चिंचेचा कोवळा पाला, आणि त्याचं तुरीच्या डाळीतलं पप्पु आमच्याकडं उन्हाळ्यात होतंच होतं. आज्जी पाला दोन्ही तळहातांत धरून चोळायची, मग सुपात पाखडायची. कडक काड्या बाजूला पडायच्या आणि हाताला तो आंबट वास संध्याकाळपर्यंत राहायचा. डाळीत चिंच घालायची गरज नाही, आंबटपणा पाल्याचाच. फार कोवळा असेल तर आंबटपणा कमी, आणि एकदा पान गडद हिरवं झालं की डाळ तुरट लागते. म्हणजे चुलीपाशीसुद्धा झाडाची नोंद ठेवावीच लागायची. 'अजून आठ दिवस, मग नको' हे आज्जी झाडाकडं बघून सांगायची.

तुमच्या माहेरचा अर्थ मूळचा आहे, ताई.

पल्लव

मग चिगूर हा मराठी शब्दच नव्हे, हे तुम्हीच सिद्ध केलंत. संस्कृत पल्लव, त्यावरून पालव, पालवी. सर्व महाराष्ट्राला समजणारा, गोड शब्द हाताशी असताना मुलांच्या पुस्तकात सीमाभागातला एक शब्द कशासाठी? नागपूरचं किंवा रत्नागिरीचं मूल 'चिगूर' वाचून अडेल. पुस्तकाची भाषा प्रमाण असावी. बोली घरात आहेच, ती कोणी हिरावून घेत नाही.

होटगीरोड

घरातच ठेवून ठेवून तर शब्द जातात, पल्लव. माझी आई कानडी बोलते, वडील मराठी. कानडीत चिंचेचा हुणसे चिगुरु, आंब्याचा माविन चिगुरु, सगळ्या झाडांना चिगुरु. मराठीनं तो घेतला आणि चिंचेपुरता राखला. आंब्याचा चिगूर मराठीत कोणी म्हणत नाही. म्हणजे घेताना मराठीनं स्वतःची कात्री लावली, अर्थ आपला केला. ह्याहून मराठी शब्द तो काय असतो? अक्का आणि अण्णा तिकडचेच, त्यांनाही शब्दकोशाबाहेर बसवणार का?

आणि नोंदवही सोलापूरच्या मुलांसाठी आहे. नागपूरचं मूल अडलं तर विचारील. अडल्यावर विचारणं ह्यालाच शिकणं म्हणतात.

वऱ्हाडी

हे चिगूर म्हणजे आमची चिवळ का? उन्हाळ्यात मिळते ती, बेसन पेरून करतात ती भाजी?

मालदांडी

नाही हो. चिवळ म्हणजे जमिनीलगत पसरणारी बारीक पानांची. चिगूर झाडावरचा.

देवगडवाला

कोकणात चिगूर ऐकला नाही. पण मूळ मुद्दा फुलाला काय म्हणायचं हा असेल, तर चिंचेला मोहोर का म्हणू नये?

पल्लव

मोहोर फक्त आंब्याला.

देवगडवाला

काजूला मोहोरच म्हणतात. आमच्याकडं काजूचा मोहोर करपला की घरात सुतक पडल्यासारखी शांतता असते. तुमचा नियम कोकणात कोणाला माहीत नाही.

होटगीरोड

आणि पाडव्याला गुढीला बांधतात तो निंबाचा काय असतो? मोहोरच की. आमच्या घरी 'निंबाचा मोहोर आण रे' असंच सांगतात.

पूर्वभाग

उगादी म्हणजे आमचा पाडवा, त्या दिवशीच्या आंबट-गोड-कडू पच्चडीत आम्ही तीच फुलं घालतो. मराठीत बोलताना मीही मोहोरच म्हणतो.

पल्लव

काजू आणि आंबा एकाच कुळातले, तिथवर मान्य. निंबाचा फुलोरा. 'मोहोर' हा शब्द माझ्या मते सोन्याच्या मोहरेवरून आला, आंब्याच्या मोहोराचा रंग बघा. निंबाचं फूल पांढरं. तो रंग त्यात नाही.

अक्षरवेडी

हे पटत नाही. नाण्याची मोहर फारसी मुहरवरून, म्हणजे शिक्का. झाडाच्या मोहोराचं नातं मुकुलाशी, म्हणजे कळीशी. प्राकृतात मउल, हिंदीत मौर, बौर. दोन शब्द कानाला जवळ आहेत म्हणून त्यांना सख्खे भाऊ करू नये.

माझ्या मते रंग नाही, रचना बघावी. बारीक फुलांचा फांद्याफांद्यांचा गुच्छ असेल तर मोहोर. आंबा, काजू, निंब तिन्ही बसतात. चिंच बसत नाही. चिंचेची फुलं सुटी, मोजता येण्यासारखी असतात. हातात घेऊन बघा: कळी बाहेरून गुलाबी-लाल, उमललं की आतून फिकट पिवळं आणि पिवळ्यावर बारीक लाल रेघा. पाकळ्या तीनच दिसतात. उरलेल्या दोन असतात, पण इतक्या बारीक की भिंग लागतं. ज्या मुलानं हे एकदा पाहिलं ते त्याला मोहोर म्हणणार नाही.

मालदांडी

मग गुलमोहर? त्याची फुलं तर तळहाताएवढी. तिथं मोहोर कुठून आला?

अक्षरवेडी

गुलमोहर मादागास्करचा, नाव इथं जुळवलेलं. त्यातलं 'गुल' फारसी फूल एवढं नक्की. पुढच्या 'मोहर'वर भांडणं आहेत, कोणी मोर म्हणतं, कोणी मोहर. त्यावरून आंब्याचा नियम काढू नये.

तळेकाठ

सगळ्यांचे आभार, पण मी परत चिंचेकडं येते. 'पालवी' मला का नको ते सांगते. पालवी म्हटलं की मुलं वर बघतात, झाड हिरवं झालेलं दिसतं आणि लिहून मोकळी होतात. चिगूर म्हटलं की हात पुढं करतात. पान तोडून तोंडात टाकतात. गेल्या आठवड्यात एका मुलीनं लिहिलं, 'मागल्या वेळी आंबट होतं, आता चघळावं लागतं.' जून पानाची ह्यापेक्षा चांगली नोंद मला कुठल्याही रकान्यातून मिळाली नसती. मूळ इंग्रजी पुस्तकात चवीचा रकानाच नाही, आता मी तो घालतेय.

आणि ह्याच मुलीला चिगूर म्हणजे पान. तिची मैत्रीण बार्शीकडच्या वैरागची, तिला फूल. दोघी एकाच बाकावर बसतात.

होटगीरोड

पानाला चिगूर लिहा, फुलाला फूल. ठरवून टाका.

मालदांडी

ठरवून टाकायला तो ग्रामपंचायतीचा ठराव आहे का? दोन्ही अर्थ लिहा. बार्शीच्या बाईंनाही त्यांच्या आईनंच शिकवलंय.

बाकी यंदा चिगूर टिकला तर लिहाल. परवाच्या अवकाळीनं आमच्या बांधावरच्या चिंचेची कळी झडली.

पल्लव

मे महिन्यातल्या पावसाला अवकाळी म्हणू नका, कृपया. तो वळीव. दुपारभर तलखी, मग वावटळ, मग विजा, तासाभरात आकाश मोकळं. रोहिणी 25 मेच्या सुमारास लागतात, मृग 7-8 जूनला, आणि त्याच्या आधी वळीव येतोच. त्याला त्याचा काळ आहे. ज्याला काळ आहे तो अवकाळी कसा?

मालदांडी

हे मात्र बरोबर बोललात. पण पंचनाम्याच्या कागदावर अवकाळीच असतं. वळिवानं कळी झडली म्हणून सांगितलं तर तलाठी म्हणणार, वळीव दरसालचाच, भरपाई कशाची? म्हणून आम्ही पण अवकाळीच म्हणायला लागलो.

अक्षरवेडी

वळीव 'वळणे'वरून का? वारा वळतो म्हणून?

देवगडवाला

आमच्याकडं वारा फिरला की म्हातारे पावसाचे दिवस मोजायला लागतात. वळणंच असणार.

पूर्वभाग

मला वाटतं ढग वळून येतो म्हणून. सकाळी पूर्वेला दिसलेला दुपारी पश्चिमेकडून डोक्यावर.

मालदांडी

आमचा आजा म्हणायचा, गुरं घराकडं वळवायला लावतो तो वळीव.

पल्लव

ही लोकव्युत्पत्ती झाली. ह्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

वऱ्हाडी

काढा. आणि चिवळीला तिकडं काय म्हणतात तेही त्यात घ्या, आमच्याकडं चिघळ पण म्हणतात.