प्रोपोफॉलचे तसे नाही

लिग्नोकेन आणि ब्युपिव्हाकेन ही शरीराचा ठरावीक भाग बधिर करणारी औषधे जिवाणूंची वाढ रोखतात, हे म्हणणे मान्य आहे. मात्र त्यावरून भुलीची सारीच औषधे थोडीफार जंतुनाशक असतात, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो प्रोपोफॉल या शिरेतून देऊन रुग्णाला झोपवणाऱ्या औषधापाशी कोलमडतो. हे दुधासारखे पांढरे इंजेक्शन सोयाबीन तेल, अंड्यातील लेसिथिन (एक स्निग्ध पदार्थ) आणि ग्लिसरॉल यांच्या मिश्रणात असल्याने जिवाणूंना त्यात आयतेच खाद्य मिळते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाचे उद्रेक हाताळणीत दूषित झालेल्या प्रोपोफॉलशी जोडले गेले, आणि पुढे काही उत्पादनांत ईडीटीए हे रसायन मिसळले जाऊ लागले. अर्थात त्याने जिवाणूंची वाढ मंदावते, औषध सुरक्षित होत नाही.

म्हणूनच नागपुरात मे महिन्यात ऑपरेशन थिएटरचा एसी बंद पडून केस लांबली, की प्रोपोफॉलची आधी भरून ठेवलेली सिरिंज, जीव हळहळला तरी, मी टाकूनच देते.