विषय: वाचनवर्गाचं अ‍ॅप – आजोबांची सही धरायची का?

माई, फोंडा:
मंडळी, वाचनाच्या अ‍ॅपसाठी संमतीचे कागद शनिवार संध्याकाळपर्यंत हवेत. २१ पैकी १४ आले. त्यातल्या तिघांच्या कागदांवर आजोबांची सही आहे, वडील बोटीवर आणि आई कुवेतला. अ‍ॅप मुलांचा आवाज रेकॉर्ड करून कंपनीकडे पाठवतं. या सह्या चालतील का, तेवढंच सांगा. सहलीच्या वेळचा घोळ परत नको.

अण्णा, मडगाव:
सहलीत घोळ कसला? मुलं वेळेत घरी पोचली. पोराला आणणं-नेणं, डबा, ताप आला तर डॉक्टर, सगळं आजोबाच बघतात. त्यांची सही नाही तर कुणाची?

वहिनी, पर्वरी:
अण्णा, सहल संध्याकाळी संपते, आवाज सर्व्हरवर राहतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. संमती आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची, आणि तीही पडताळता येईल अशी. सांभाळतात म्हणून आजोबा कायद्याने पालक होत नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ही तरतूद त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होते. म्हणून तोवर कसंही चालवायचं? वडिलांना नेट मिळालं की ईमेल करतील. थांबू की आठ दिवस.

भाऊ, म्हापसा:
सह्यांचं तुम्ही ठरवा. गेल्या रविवारी मी वर्गात मागच्या बाकावर होतो. नातीने 'चमच्याने साखर ढवळली' वाचलं. घरी म्हणतो तसाच चमचा, जीभ दातांशी नेऊन. अ‍ॅपवर शब्द लाल झाला, म्हणजे चूक. परत वाचलं, परत लाल. तिसऱ्यांदा तिने 'चहा'तला च लावला, तेव्हा हिरवा. घरी येऊन मला म्हणते, आजोबा, तुम्ही चमचा चुकीचा म्हणता. मला रात्री झोप लागली नाही. यंत्राचा निकाल आधी बाईंनी बघावा, मगच मुलाला दाखवावा.

सचिव:
अ‍ॅप मी तीन महिने खपून आणलंय. हरकती कार्यकारिणीत मांडायच्या होत्या. 'च'ची तक्रार कंपनीला आजच कळवतो.

वहिनी, पर्वरी:
तुमचे कष्ट कुणी नाकारत नाही. पण अ‍ॅपमध्ये 'लक्ष आहे का' म्हणून कॅमेऱ्याचं बटण आहे, ते बंद करा. चेहऱ्यावरून भावना ओळखणारी एआय युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून शाळांत बंद केली, सूट फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना. आपल्या मुलांचे चेहरे काय कमी मोलाचे?

ताई, डिचोली:
मुलांना कुणी विचारलं? संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. कलम १२ प्रमाणे मुलाशी संबंधित बाबीत त्याचं म्हणणं ऐकायला हवं. माझी आठ वर्षांची म्हणते, बाईंसमोर वाचेन, फोनसमोर नाही.

अण्णा, मडगाव:
बरं, आजोबांचं पटलं. त्या तिघांना वेगळं बसवणार का?

माई, फोंडा:
मुळीच नाही. सगळे कागद येईपर्यंत सगळीच मुलं पुस्तकातून वाचतील, बाई ऐकतील. कॅमेरा बंद. सचिव, आधीचे आवाज पुसायला कंपनीला आजच लिहा, उत्तर इथे टाका. हॉलची किल्ली कुणाकडे आहे?

भाऊ, म्हापसा:
माझ्याकडे. साडेनऊला येतो.